चिकू नको, बोंबील चालतील

सकाळचे साडेनऊ. आभाळ भरून आलं आहे, पडत मात्र नाही. डहाणूला खाडीच्या अंगाला माझ्या बहिणीचं घर. पुढच्या खोलीत एक निळी बॅग उताणी पडली आहे आणि तिच्याभोवती आम्ही सहा-सात जण मांडी घालून बसलो आहोत. बॅग भाच्याची. गुरुवारी पहाटे तो इटलीला निघतो आहे, तुरीन शहरात मेकॅनिकलचं मास्टर्स करायला. कॉलेजचं नाव पॉलिटेक्निक. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की डिप्लोमा, त्यामुळे ‘डिप्लोमासाठी एवढ्या लांब कशाला, पालघरला होतो की’ हे गेल्या दोन महिन्यांत मी निदान वीस जणांकडून ऐकलं आहे. प्रत्येकाला सांगतो, अहो, ते इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आहे, १८५९ पासूनचं. लोक मान डोलवतात आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच विचारतात.

आज घरात खरा मान बोर्डीच्या ताईचा. तिची तुरीनला दोन वर्षं झाली आणि ऑगस्टची सुट्टी काढून ती घरी आली आहे. “ऑगस्टात तिकडं थांबून करायचं काय?” ती म्हणते. “पंधरा ऑगस्टला तर किराण्याचं दुकानही उघडं सापडत नाही. त्यांचा मोठा सण असतो, फेर्रागोस्तो. आपलं झेंडावंदन आणि त्यांची समुद्रावर पळापळ, एकाच दिवशी.”

बहिणीने जेवढ्या मायेने भरलं आहे, तेवढ्याच शांतपणे ताई बॅगेतून एकेक वस्तू बाहेर काढते आहे. डिंकाच्या लाडवांचा डबा हातात घेते, झाकण उघडून वास घेते.

“काकू, तुपाचं?”

“मग कशाचं करणार? डालड्याचं?”

“बाहेरून येणाऱ्या माणसाने सामानात दुधाचं, तुपाचं, मटणाचं काही आणायचं नाही, असा युरोपचा नियम आहे. पेढा नाही, खवा नाही, तुपाची बरणी नाही.” ताई डबा बाजूला ठेवते. पाच मिनिटांनी बहीण तो गुपचूप आपल्या मांडीमागे सरकवते. गुरुवारपर्यंत तो पुन्हा बॅगेत जाणार हे आम्हा सगळ्यांना दिसतं आहे. कोणी बोलत नाही.

आता माझी पाळी. घोलवडहून पेटीभर चिकू आणला आहे, एकेक हातात घेऊन निवडलेला, चार दिवसांनी पिकेल असा कडक. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आम्ही कुठेही रिकाम्या हाताने जात नाही. पेटी पुढे सरकवतो. ताई हसते, पण हात लावत नाही.

“काका, ताजं फळ न्यायचं तर रोग-किडीचा सरकारी दाखला जोडावा लागतो. पाचच फळं त्यातून सुटली आहेत. अननस, केळं, नारळ, खजूर आणि तो वास मारणारा ड्यूरियन.”

“चिकू नाही?”

“चिकू त्यांना माहीतच नाही.”

मला हे लागतं. ड्यूरियन चालतो आणि चिकू चालत नाही! पण ताई घाईघाईने म्हणते, चिकूच्या सुकवलेल्या चकत्या द्या, त्या जातील. मग पेटी तिथंच फुटते आणि जो तो कडक चिकू दाबून बघून परत ठेवतो.

या सगळ्यात बहिणीची सासू कोपऱ्यातून उठते आणि आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांबट पुडकं घेऊन येते. न उघडताच कळतं काय आहे ते. पावसाळ्याआधी वलांडीवर सुकवलेले बोंबील. आम्ही सगळे ताईकडे बघतो. आता हिचा चेहरा कसा होतो!

“हे चालतील,” ताई म्हणते.

“काय?”

“मासळी चालते. सुकी, खारवलेली, कशीही. माणशी वीस किलोपर्यंत.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. लाडू बाद, चिकू बाद आणि ज्याच्या वासावरून या घरातल्या शिकलेल्या सुनेने आजवर नाक मुरडलं, तो बोंबील युरोपात राजरोस चालला आहे. “वीस किलो नको,” ताई सांगते आहे, “अर्धा किलो. शेपट्या-डोकी कापून, तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वर फॉइल, वर घट्ट झाकणाचा डबा. कायद्याची हरकत नाही, रूममेटची असते. आणि भाजायचे नाहीत. एकदा मी खिडकी बंद ठेवून भाजले, तर खालच्या मजल्यावरच्या बाई गॅस लीक झाला म्हणून वर आल्या.”

बॅगेत पाच किलो कोलम तांदूळही निघतो. तो बाहेर. तांदूळ तिकडंही पिकतो, ताई सांगते. मिलानहून तुरीनला रेल्वेने येताना नोव्हारा, व्हेरचेल्ली ही स्टेशनं लागतात आणि दोन्ही बाजूंना भातखाचरंच भातखाचरं. आपल्या कासा-चारोटीसारखी, फक्त मैलभर सपाट आणि बांध सरळ रेषेत. सप्टेंबरात पिवळी झालेली दिसतील. तिथला तांदूळ आखूड आणि चिकट, त्यांच्या रिसोत्तोला लागतो तसा; पण पोर्ता पालात्सोच्या बाजारात आपल्या लोकांची दुकानं आहेत, तिथं बासमतीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं. भाजी तिथंच घ्यायची, दुपारी बाजार उठायच्या वेळेला, तेव्हा भाव पडतो. शनिवारी जवळच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्याचं नाव बालोन. भाचा फिसकन हसतो. फुग्यांच्या कारखान्यांच्या गावातून निघालेला पोरगा बलूनच्या बाजारात भांडी घेणार.

कोलमच्या जागी काय? ताई म्हणते, कुकर. पण घेतानाच बुडाला चुंबक लावून बघा, पुष्कळ घरांत गॅस नसतो, इंडक्शन असतं.

इथं मला तोंड उघडायला जागा मिळते, कारण माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिकडचा सॉकेट मी फोटोत बघून ठेवला आहे. तीन छिद्रं एका ओळीत, मधलं अर्थिंगचं. आपला मोबाइलचा दोन गोल पिनांचा चार्जर त्यात सरळ बसतो. बसत नाही तो आपला तीन गोल पिनांचा टॉप, इस्त्रीचा किंवा मिक्सरचा. त्याला अडॅप्टर हवा. व्होल्टेज २३०, फ्रिक्वेन्सी ५०, म्हणजे मिक्सर जळणार नाही. हे मी मोठ्या ऐटीत सांगतो. ताई मान हलवते आणि म्हणते, “काका, खरी गंमत पुढं आहे. घराला लोड असतो तीन किलोवॉटचा.”

“अख्ख्या घराला?”

“चार मुलं राहतात त्या घराला. एकाने ओव्हन लावला, दुसरीने वॉशिंग मशीन, तिसऱ्याने केस वाळवायचं यंत्र, की खट्. सगळं बंद. आणि मीटर असतो तळघरात. किल्ली असते एकाकडेच आणि तो असतो लायब्ररीत.”

मी मनात बेरीज करतो. ओव्हन दोन, मशीनचा हीटर दोनच्या घरात. जाणारच. या एका वाक्याने तुरीन मला एकदम ओळखीचं वाटायला लागतं. आता तिथल्या घरात डोळे मिटून फिरू शकेन. भाच्याला सांगतो, पहिल्या दिवशी मेन स्विच कुठे आहे ते बघून ठेव आणि रात्री टॉर्च उशाशी. आजवरच्या माझ्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच तो लिहून घेतो.

गारठ्याचं विचारलं तर ताई म्हणते, आतले थर्मल इथून, वरचं जाड जाकीट तिथून. हीटिंग इमारतीचं एकत्र असतं आणि ते साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल एवढंच चालू असतं. १० ऑक्टोबरला थंडी वाजली तर वाजली. बहीण लगेच एक गोधडी आणते. तिचं वजन साडेतीन किलो. आमच्या ताणकाट्याला बॅग लटकवली आहे, काटा सव्वीसावर. हवे आहेत तेवीस. गोधडी घडी होऊन परत जाते, पण दारापर्यंतच.

मग कागद. ताई भाच्याचा पासपोर्ट उघडून नावावर बोट ठेवते. आपल्याकडे पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टात पहिली दोन एकाच ओळीत येतात, म्हणजे इटलीच्या लेखी तुझ्या वडिलांचं नाव हेच तुझं दुसरं नाव. तिथं सगळ्यांत आधी काढायचा तो कोदिचे फिस्काले, आपल्या पॅनसारखा, १६ अक्षर-आकड्यांचा. तो तुझ्या नावातल्या व्यंजनांवरून बनतो. एकीकडे बापाचं नाव लिहिलं आणि दुसरीकडे गाळलं तर कोड जुळत नाही, बँक खातं अडतं, खोलीचा करार अडतो. “सहीसुद्धा पासपोर्टात आहे तशीच पूर्ण कर. तिकडं लाज वाटून बापाला गाळू नकोस.” भावजी इतका वेळ दाराशी उभे आहेत, चिंचणीला त्यांचं दागिन्यांच्या डाय बनवायचं काम. ते काही बोलत नाहीत. फक्त चष्मा काढून पुसतात.

उतरल्यापासून आठ कामाच्या दिवसांत पोस्टात जायचं. हो, पोस्टातच. तिथं राहण्याच्या परवान्याच्या अर्जाचा लखोटा मिळतो. भरायचा, १६ युरोचं तिकीट लावायचं, ते तिकीट मात्र पोस्टात नव्हे, तंबाखूच्या दुकानात मिळतं. बसचं तिकीटही तिथंच. (आपल्या पानवाल्याने ही आयडिया घ्यायला हरकत नाही.) पोस्टातून जी पावती मिळते ती प्लास्टिकमध्ये घालून जपायची, कारण पोलिसांकडे बोटांचे ठसे होऊन खरं कार्ड हातात यायला महिने जातात आणि तोवर ती पावती म्हणजेच तू. आणि जिथं राहशील तिथं बेलच्या पाटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव चिकटवायचं. आडनाव नसेल तर रजिस्टर आलेलं परत जातं, पोस्टमन शेजारी विचारत नाही.

“शेजारी विचारत नाही?” म्हातारीला एवढी एकच गोष्ट अवघड वाटते.

साडेअकराला मी, भाचा आणि ताई माझ्या ओम्नीतून तलासरीला निघतो. मागे वायरची भेंडोळी खडखडतात. भाच्याचा कॉलेजातला मित्र तलासरीपलीकडच्या एका पाड्यावर राहतो, वारली घरातला. तोही तुरीनलाच चालला आहे, पण व्हिसा उशिरा आल्यामुळे आणखी पंधरा दिवसांनी. त्याचा एक कागद अडला आहे.

आशागड, गंजाड. इथल्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे. पद्मश्री मिळाली २०११ साली, पण त्याच्या आधीच त्यांची चित्रं मिलानला लागून आली होती, रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराच्या कामाशेजारी. ताईला हे माहीत नव्हतं. चारोटीला हायवे लागतो, महालक्ष्मीचं देऊळ येतं, भाचा गाडीतूनच हात जोडतो. मग ट्रक आणि ट्रक. तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचं कॉलेज मागे टाकून आम्ही आत वळतो आणि रस्ता लाल होतो.

घर कुडाचं, वर कौलं, शेजारी गोठा. अंगणात मित्र, त्याची आई आणि आजी. आजीचं वय तिला विचारलं तर ती हसते. झरीची सभा झाली तेव्हा कडेवर होते, म्हणते. म्हणजे मे १९४५, वारल्यांच्या उठावाची सभा. तिचा बाप लग्नगडी होता: लग्नापुरतं कर्ज काढलं आणि त्यापायी सावकाराच्या घरी नवरा-बायको दोघंही राबले. किती घेतले, किती फिटले, हे ज्या वहीत होतं ती वही घरात कोणाला वाचता येत नव्हती. आजी हे रडून सांगत नाही. पाऊस कधी लागला ते सांगावं तसं सांगते आणि आम्हाला पाणी देते.

अडलेला कागद असा. तुरीनमध्ये सरकारी शिष्यवृत्ती, वसतिगृहातली कॉट आणि मेस ही सगळी एका संस्थेकडे असते, एदिसू. परदेशी पोरांनाही ती मिळते, पण घरची मिळकत आणि मालमत्ता बघून. मित्राने अर्ज भरून ठेवला आहे, कागद मागाहून द्यायचे आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मिळाला. घराचा नमुना आठचा उताराही आला. आता हे सगळं इटालियनमध्ये भाषांतर होऊन, त्यावर शिक्के बसून जाणार. ताई उतारा हातात घेते आणि थांबते.

“सहाशे चाळीस चौरस फूट?”

मित्र म्हणतो, “मलाही तेच वाटलं.”

“परदेशातलं घर कुठलंही असो, ते लोक एका चौरस मीटरला पाचशे युरो धरतात. संगमरवरी असो नाहीतर कुडाचं.”

मोबाइलवर हिशेब होतो. ६४० फूट म्हणजे साडेएकोणसाठ मीटर. २९,७५० युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर तीस लाखांच्या आसपास. मित्राची आई शेणाने सारवलेल्या भिंतीकडे बघते. आजी विचारते, “एवढे पैसे कोणाचे?” तिला सांगितल्यावर ती खूप वेळ हसते, इतकी की खोकला येतो.

माझ्या खिशात पाच मीटरची टेप असतेच. आजी म्हणते, मी धरते. घराची लांबी दोनदा टेप लावून घ्यावी लागते: ७ मीटर ३०. रुंदी ४ मीटर २५. एकतीस चौरस मीटर, सव्वातीनशे-साडेतीनशे फूट. मग राहिलेलं कुठून आलं? मित्र गोठ्याकडे बघतो. गोठा मोजतो. बैल बाजूला व्हायला तयार नाही, आजी त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारून टेपचं टोक भिंतीला टेकवते. बेरीज केल्यावर उताऱ्याच्या आकड्याशी पाच-दहा फुटांचा फरक. मोजणाऱ्याने बैलालाही घरात घेतलं आहे.

“उद्याच जाऊन दुरुस्त करून घे,” ताई म्हणते. “घर वेगळं, गोठा वेगळा लिहून घे. तोंडी नको.” मग ती मित्राला बाजेवर बसवून पुढचं सांगते, भाच्याला सांगितलं त्यापेक्षा सावकाश. शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिला हप्ता डिसेंबरच्या सुमारास, तोवरचं जवळ ठेव. पहिल्या वर्षी मुदतीच्या आत ठरावीक क्रेडिट्स झाली नाहीत तर घेतलेले पैसे परत मागतात, म्हणून जानेवारीची परीक्षा सोडू नकोस. पेपर झाला तरी पुष्कळदा तोंडी असते, तीसपैकी अठराला पास. कॉट मिळाली नाही आणि बाहेर खोली घेतलीस तर करार दहा महिन्यांचा तरी हवा आणि सरकारदरबारी नोंदवलेला. घरमालक म्हणेल, नोंदणी नको, भाडं पन्नास युरो कमी घेतो. हो म्हणालास तर शिष्यवृत्तीची मोठी रक्कम गेली, कारण कागदावर तू कुठंच राहत नाहीस. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतील. खोली बघितल्याशिवाय इथून एक पैसा पाठवायचा नाही.

मित्र ऐकतो, वहीत मुद्दे काढतो. पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलेला पोरगा. एका खोलीत वीस जण, बादलीला नंबर, न समजणाऱ्या भाषेत शिकवणारे मास्तर, हे सगळं त्याचं सहाव्या वर्षी करून झालं आहे. भाच्याला सकाळपासून जे प्रश्न पडले, कपडे कोण धुणार, करमेल का, ते हा विचारतच नाही. तो विचारतो, “करार इटालियनमध्येच असतो?”

“इटालियनमध्येच.”

“मग सही करायच्या आधी घरी नेऊन वाचता येतो?”

“मागायचा. फोटो काढायचा. मला पाठव, मी वाचते.”

आजीला हे कोणी भाषांतर करून सांगत नाही. पण ‘सही’ शब्द तिने ऐकला आहे. ती विचारते, “कागद कोण वाचणार?” मित्र ताईकडे बोट करतो. आजी ताईला खालपासून वरपर्यंत बघते, मग आत जाऊन तिच्यासाठी आणखी एक तांब्या पाणी आणते.

आभाळ आता खरंच कोसळायला लागतं. निघायला हवं, चारोटीला पाणी साचलं की तासभर जातो. मी टेप गुंडाळायला हात पुढे करतो, पण टोक अजून आजीच्या मुठीत आहे. ती सोडत नाही.

“ही याला द्या,” ती म्हणते. “तिकडची खोली मोजून घेऊ दे. सांगतात तेवढी आहे का बघायला.”

टेप माझी रोजची, आकडे पुसट झालेली, दुकानात नवीन दहा पडलेल्या आहेत. म्हणतो, नवी पाठवतो. आजी म्हणते, हीच द्या, हिने आमचं घर बरोबर मोजलं. मित्र ती हातात घेतो, तळहातावर वजन करून बघतो.

“शंभर ग्रॅम असेल,” भाचा म्हणतो.

“बोंबलातून कमी करीन,” मित्र म्हणतो आणि टेप पँटच्या खिशात घालतो.